उंची वाढवण्याचं ऑपरेशन घरी न सांगता करायचंय? आधी हे वाचा

दोन्ही मांड्यांची हाडं कापून, आत रॉड टाकून, रोज थोडं थोडं ताणून उंची वाढवायचं ऑपरेशन मी केलंय. घरच्यांत फक्त ताईला माहीत होतं. आई-बाबा, काका, आत्या, मित्र, ऑफिस, कुणालाच पत्ता नव्हता. आता बऱ्याच जणांना माहीत आहे आणि त्यामुळे आभाळ कोसळलं नाही. पण त्या काळात मला जी माहिती हवी होती ती एका जागी कुठेच मिळाली नाही, म्हणून हा लेख.

ऑपरेशन करावं की नाही, हा या लेखाचा विषय नाही. ते तुमचं आणि तुमच्या डॉक्टरांचं. मात्र माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: गावाला, भावकीला, ऑफिसला न कळता हे पार पाडता येतं. एकाही आपल्या माणसाला न सांगता करायला जाल तर तो जिवाशी खेळ आहे. खाली जे लिहिलंय ते याच हिशोबाने.

आणखी एक. वय अठरापेक्षा कमी असेल तर पुढचं वाचू नका. आई-वडिलांच्या सहीशिवाय कुठलाही धड डॉक्टर हात लावणार नाही, आणि लावू म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

१. आधी कॅलेंडर मांडा

बहुतेकांचा समज असतो की महिनाभर सुट्टी काढली की झालं. तसं नाही. रशियात सायबेरियातल्या कुर्गान शहरात गावरील इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात हाड ताणायची ही पद्धत बसवली, ती मोडलेल्या, न जुळणाऱ्या, आखूड राहिलेल्या हाडांसाठी. उंचीसाठी करतानाही शरीराचा वेग तोच राहतो. हाड कापल्यावर साधारण आठवडाभर काही करत नाहीत. मग रोज सुमारे एक मिलिमीटर ताणायचं, तेही एकदम नाही, तीन-चार वेळा मिळून. सहा सेंटिमीटर हवे असतील तर दोन महिने नुसते ताणण्यात जातात. स्नायू आवळले, नस दुखायला लागली तर डॉक्टर वेग कमी करतात आणि तारखा पुढे सरकतात.

ताणून झालं म्हणजे संपलं नाही. मधल्या फटीत जे कोवळं हाड तयार झालंय ते पक्कं व्हायला ताणण्याच्या काळापेक्षा जास्त वेळ लागतो. तोपर्यंत वॉकर, मग कुबड्या, मग एक काठी. काठी सुटल्यावरही काही महिने चाल बदकासारखी डुलते. म्हणजे लपवायचं आहे ते ऑपरेशन नाही, जवळपास अख्खं वर्ष आहे.

मांडीच्या हाडात साधारण पाच ते आठ सेंटिमीटर, नडगीत त्याहून कमी, असा अंदाज डॉक्टर देतात. प्रत्येक जादा सेंटिमीटरमागे गुप्ततेचा काळ महिना-दीड महिन्याने वाढतो असं धरा.

आता सणवार. माझं गणित असं होतं: दिवाळीला घरी जायचं, भाऊबीज उरकायची, आणि लगेच ऑपरेशन. गुढीपाडव्यापर्यंत नीट चालता येईल ही आशा सोडून द्यायची आणि पुढच्या गणपतीचं लक्ष्य ठेवायचं. दिवाळी ते गणपती हा वर्षातला सगळ्यात लांब पट्टा आहे ज्यात तुम्ही आला नाहीत तर घरचे कुरकुर करतील, पण संशय घेणार नाहीत. अडचण एकच, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांपैकी कुणाचं जमतंय का, कुणाची बोलणी चालू आहेत, हे आधी आईकडून काढून घ्या. चैत्रात गावची जत्रा असेल आणि पालखीला खांदा द्यायचा मान तुमच्या घरी असेल तर ते वर्ष टाळा.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा, टाळू नका: या काळात घरात कुणाचं बरंवाईट झालं तर तुम्ही जाल का? आजी-आजोबा थकलेले असतील, वडिलांना हृदयाचा त्रास असेल, तर याचं उत्तर आधी तयार पाहिजे. व्हीलचेअरवर जाईन आणि सगळं सांगेन, हे उत्तर चालतं. ‘तेव्हा बघू’ हे चालत नाही.

२. एक माणूस आत घ्या

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. बाकी सगळं विसरलात तरी हा विसरू नका.

हाडाच्या पोकळीत रॉड घालताना चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकतात. हा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असतो. पुढे, हालचाल कमी असल्याने पायात रक्ताची गाठ होऊ शकते. पोटरी एका बाजूने सुजणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, ही तिची लक्षणं. अशा वेळी तुमच्या वतीने बोलणारं, तुमची फाइल कुठे आहे हे माहीत असणारं, सही करू शकणारं कुणीतरी लागतं. रुग्णसेवेच्या ब्युरोतून पगारी आणलेला माणूस ते करू शकत नाही.

२०१६ मध्ये हैदराबादेत एका तरुण इंजिनिअरने घरी न सांगता हे ऑपरेशन करून घेतलं होतं. घरच्यांनी हरवल्याची तक्रार केली, आणि मुलगा सापडला तो हॉस्पिटलच्या खाटेवर, दोन्ही पाय बांधलेले. प्रकरण टीव्हीवर गेलं आणि पुढे तेलंगणाच्या वैद्यकीय परिषदेने डॉक्टरवर निलंबनाची कारवाई केली. सगळ्या देशाला कळलं. गुप्ततेचा याहून वाईट शेवट मला तरी सुचत नाही, आणि घरातल्या एकाला माहीत असतं तर ती तक्रार झालीच नसती.

माणूस कसा निवडायचा? जवळचा मित्र बरा वाटतो, पण खरा प्रसंग आला की मित्र घाबरतो आणि तुमच्या घरी फोन करतो. त्याचंही बरोबरच आहे. माझ्या मते रक्ताच्या नात्यातला, आई-वडिलांच्या पिढीतला नसलेला, आणि स्वतःच्या घरात ज्याचं चालतं असा माणूस हवा. बहीण, मोठा भाऊ, वहिनी, एखादा समजूतदार मावसभाऊ. ताईला मी सगळे कागद दाखवले, डॉक्टरांशी तिचं बोलणं करून दिलं. तिने एकच अट घातली: “तुला आयसीयूत हलवलं तर मी आईला सांगणार. तेव्हा मला शपथा घालायच्या नाहीत.” मी कबूल केलं. तुमच्या माणसाला ही अट सुचली नाही तर तुम्हीच ती घाला.

३. तुमचा हक्क कुठपर्यंत आणि हॉस्पिटलची रीत कुठपर्यंत

कायद्याने सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाची स्वतःची संमती पुरते. डॉक्टरांसाठी २००२ सालचे आचारसंहितेचे नियम आहेत. त्यांत रुग्णाची गुपितं कोर्टाचा आदेश वगैरे अपवाद सोडून उघड करायची नाहीत असं आहे. म्हणजे तुमच्या वडिलांनी रिसेप्शनला फोन केला तरी तुमची माहिती देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, उलट देऊ नये.

प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे कुठल्याही हॉस्पिटलात पहिला प्रश्न असतो, “सोबत कोण आहे?” भरतीच्या फॉर्मवर नातेवाइकाचं नाव, नातं, फोन नंबर, सही असतेच. तिथे खोटं नाव टाकायचा मोह होतो. टाकू नका. वरच्या मुद्द्यातला माणूस तिथे लिहा. आणि वेगळ्या कागदावर स्वच्छ लिहून द्या की माझी माहिती अमुक व्यक्तीलाच द्यावी, इतर कुणी चौकशी केली तर देऊ नये. त्याची एक प्रत फाइलला लावायला सांगा आणि वॉर्डच्या सिस्टरलाही तोंडी सांगा. गुपित फुटतं ते मोठ्या डॉक्टरांकडून नाही, रात्रपाळीत फोन उचलणाऱ्याकडून.

एखादा डॉक्टर “घरच्यांना कळायचं कारणच नाही, दोन महिन्यांत पळायला लागाल” असं म्हणाला तर उठून या. तुमच्या गुप्ततेच्या गरजेवर धंदा करणारे लोक या क्षेत्रात आहेत. चीनने २००६ मध्ये उंचीसाठीच्या अशा ऑपरेशनवर बंदी आणली ती उगाच नाही. चांगला डॉक्टर तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो, घरी कोण आहे विचारतो, आणि एकदा तरी परत फिरायला सांगतो.

४. पैसा

इथून सगळ्यात आधी फुटतं.

विमा विसरा. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात वगळलेली असते. दावा करून पाहू म्हणाल तर पॉलिसी वडिलांच्या किंवा कुटुंबाच्या नावे असल्यास मेसेज थेट त्यांच्या मोबाइलवर जाईल, आणि दावा फेटाळला जाईल तो वेगळाच. एरवी उपचारांवर जीएसटी नसतो, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला ती सूट नाही. १८ टक्के कर लागतो. कोटेशन घेताना तो धरलाय का विचारा. त्याच दमात रॉड काढायच्या दुसऱ्या ऑपरेशनचा, फिजिओथेरपीचा, दर दोन आठवड्यांच्या एक्स-रेचा आणि राहण्याचा खर्च विचारा.

आता सापळे:

- बँकेच्या खात्याला जोडलेला नंबर तुमचाच आहे ना? कॉलेजात असताना उघडलेल्या खात्याला बाबांचा नंबर असतो आणि आपण विसरून गेलेलो असतो.
- पर्सनल लोनच्या अर्जात ‘संदर्भ’ म्हणून दोन नातेवाइकांचे नंबर मागतात. एक हप्ता चुकला की त्यांना फोन जातात.
- औषधांच्या अॅपवर अख्ख्या घराचं एकच अकाउंट असतं. आईच्या बीपीच्या गोळ्या त्याच अकाउंटवरून मागवत असाल तर तुमची रक्त पातळ करायची इंजेक्शनं तिलाही दिसतील. वेगळं अकाउंट उघडा.
- आधारवरचा पत्ता गावाचा असतो. बिलं, रिपोर्ट, हॉस्पिटलची शुभेच्छापत्रंसुद्धा तिकडे जातात. फॉर्मवर पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा लिहून घ्या.

घरच्या जमिनीवर, आईच्या दागिन्यांवर, बाबांच्या एफडीवर हे करू नका. पैसा त्यांचा असेल तर गुप्तता हा तुमचा हक्क उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. काय सांगायचं

सगळ्यात पहिल्यांदा सुचते ती अपघाताची थाप. ती सगळ्यात वाईट. आपल्याकडे ‘गाडीवरून पडलो, पाय मोडला’ असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मामा-मामी शहाळी घेऊन हजर. मागोमाग आई आठ दिवसांच्या बोलीवर येते आणि पाय बरा होईपर्यंत हलत नाही. शिवाय कुणाचा तरी जावई हाडांचा डॉक्टर निघतोच. “एक्स-रे पाठव बघू, आपल्याकडे दाखवू” असं झालं की संपलं. दोन्ही मांड्या सारख्याच जागी, सारख्याच सरळ कापलेल्या, आणि तोंडावर साधा ओरखडा नाही. असा अपघात नसतो.

आजाराची थापही तशीच. काळजी वाटणारी कुठलीही गोष्ट माणसांना तुमच्याकडे ओढून आणते. कंटाळा आणणारी गोष्ट लांब ठेवते. म्हणून कारण कामाचं द्या: दुसऱ्या शहरातला प्रोजेक्ट, परदेशी क्लायंटच्या वेळेनुसार रात्रपाळी, कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहणं. जितकं कमी सांगाल तितकं बरं. मी शहराचं नाव खरं सांगितलं होतं, काम खोटं. त्यामुळे तिकडे किती थंडी आहे, पाऊस पडला का, या प्रश्नांची उत्तरं बनवावी लागली नाहीत.

ऑफिसात मात्र खोटं बोलायची गरजच नाही. ‘हाडाचं ऑपरेशन, इतके दिवस विश्रांती’ एवढं डॉक्टरांच्या पत्रात पुरतं. कशासाठी केलं हे विचारायचा मॅनेजरला काही संबंध नाही. खोटं सर्टिफिकेट आणू नका, नोकरी जाते. मात्र ऑफिसातला कुणी तुमच्या गावचा असेल तर दोन्हीकडच्या गोष्टी एकमेकांना छेद देणार नाहीत एवढं बघा.

६. राहायची जागा आणि सामान

हॉस्पिटलपासून जवळ, लिफ्ट असलेली इमारत, तीसुद्धा बॅकअपवर चालणारी. खोलीची आणि बाथरूमची दारं टेप लावून मोजा. बाथरूमचं दार अरुंद असतं आणि व्हीलचेअर तिथेच अडकते. उंबरा असेल तर लाकडी उतार बनवून घ्या.

लागणाऱ्या वस्तू: व्हीलचेअर आणि वॉकर (भाड्याने मिळतात), कमोडवर बसवायची उंच सीट, अंघोळीसाठी प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची, पलंगाच्या हाताशी पोचेल असा लांब वायरचा बोर्ड, लघवीचं भांडं, थर्मास, पायाला अडकवून ओढायचा पट्टा. रात्रंदिवस माणूस निदान पहिले काही आठवडे ठेवा. ब्युरोतून ब्रदर मिळतो. त्याला काय झालंय ते खरं सांगा, नाहीतर तो पाय चुकीचा उचलेल.

घरमालकाला आणि वॉचमनला ‘पायाचं ऑपरेशन झालंय’ एवढं ठाऊक असू द्या. लपवायला गेलात तर सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा होते.

तंबाखू, सिगारेट, गुटखा पूर्ण बंद. हाड भरत नाही. दुखतंय म्हणून मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणू नका. काही वेदनाशामक गोळ्या हाड तयार होण्याच्या आड येतात, म्हणून डॉक्टरांनी दिली तीच घ्यायची.

७. कुठली पद्धत, आणि लपवण्यासाठी पद्धत बदलावी का

थोडक्यात सांगतो. बाहेरून रिंग (पायाभोवतीची धातूची कडी, तारांनी हाडाला जोडलेली) लावली तर ती काही महिने पायावर असते आणि तारांच्या खुणा नडगीभर राहतात. हाफ पँट घालणाऱ्या माणसाला त्या लपवता येत नाहीत. आतल्या मॅग्नेटिक रॉडमध्ये कंबरेच्या बाजूला आणि मांडीवर मोजके छोटे व्रण राहतात. रॉडमध्ये चुंबक असतं. बाहेरून यंत्र मांडीवर धरलं की ते फिरतं आणि रॉड लांबतो. खर्च रिंगपेक्षा कितीतरी जास्त.

केवळ लपवायला सोपं म्हणून मांडी की नडगी हे ठरवू नका. तुमच्या शरीराची ठेवण बघून ते डॉक्टर ठरवतील.

एक सापळा अनुभवकथा वाचणाऱ्यांसाठी. ‘पहिल्या दिवसापासून पूर्ण वजन टाकून चाललो, ऑफिसला गेलो’ असं लिहिलेलं सापडतं. त्यातले बरेच जण स्ट्राइड नावाच्या स्टीलच्या रॉडवाले असतात. तो २०१८ मध्ये आला आणि गंज व हाडातल्या बदलांच्या तक्रारींमुळे २०२१ मध्ये बाजारातून मागे घेतला गेला. त्यांच्या तारखांवर तुमचं वेळापत्रक बांधू नका. टायटॅनियमच्या रॉडवर डॉक्टरांनी सांगण्याआधी पूर्ण वजन टाकलं तर तो वाकू किंवा मोडू शकतो, आणि मग जे काय लपवलंय ते सगळं पुन्हा पहिल्यापासून.

८. फोन आणि व्हिडिओ कॉल

आईला आवाजावरून कळतं. दुपारच्या फिजिओनंतर लगेच फोन घेऊ नका, आवाजात थकवा असतो. रोजची वेळ बांधून टाका. मी रात्री जेवणानंतरची ठेवली होती, ती कधी चुकवली नाही. फोन चुकला की काळजी, काळजी वाढली की माणसं निघतात.

व्हिडिओ कॉलला खुर्चीत बसा, पलंगावर नाही. मागे कोरी भिंत. वॉकर, सलाईनचा स्टँड, औषधांचा डबा मागे दिसत नाही ना ते आधी स्वतःच्या कॅमेऱ्यात बघा. “जरा उठून खिडकीतून बाहेरचं दाखव” असं भाचरं हमखास म्हणतात. त्यासाठी एक जुना व्हिडिओ काढून ठेवा आणि नंतर पाठवतो म्हणा.

फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद करा. फोटोंचा कुटुंबाचा एकत्र अल्बम असेल तर त्यातून बाहेर पडा. एक्स-रेचा फोटो काढला आणि तो घरच्या टीव्हीवर स्लाइड शोमध्ये लागला, असं व्हायला वेळ लागत नाही.

लॉक स्क्रीनवर आणीबाणीचा नंबर म्हणून ‘बाबा’ असेल तर तो बदलून तुमच्या माणसाचा टाका.

९. पहिल्यांदा घरी जाताना

डुलती चाल पूर्ण गेल्याशिवाय जाऊ नका. फिजिओथेरपिस्टला मागून व्हिडिओ काढायला सांगा, स्वतःला चाल सरळच वाटते.

उंची लोकांच्या डोळ्यांत तुम्हाला वाटते तितकी भरत नाही. वर्षभराने भेटल्यावर “काय रे, उंच झालास?” असं कुणीतरी म्हणतं, आणि तुम्ही काही बोलायच्या आधी दुसरंच कुणीतरी उत्तर देतं. आमच्याकडे आत्या म्हणाली, “बारीक झालाय ना, म्हणून उंच दिसतोय.” विषय संपला. स्वतःहून बुटांचं, जिमचं, योगासनांचं पुराण लावू नका.

पकडले जाल ते वेगळ्याच ठिकाणी.

पहिलं, मांडी घालून बसणं. पंगतीत पाटावर बसायचं आणि उठताना हाताचा टेकू न घेता उठायचं, हे सगळ्यात शेवटी जमतं. जेवताना भिंतीकडची जागा पकडा. वाढप्याची कामगिरी अंगावर घेतली तर आणखी बरं, बसावंच लागत नाही. देवासमोर वाकून नमस्कार जमतो, साष्टांग घातला तर उठता येत नाही.

दुसरं, गावच्या घरातला देशी संडास. उकिडवं बसता येत नसेल तर तालुक्याच्या गावी लॉजवर उतरायचं निमित्त काढा किंवा तो मुक्काम टाळा.

तिसरं, पँट. शर्ट पूर्वीचेच होतात, हात काही वाढलेले नसतात. पण कपाटातली जुनी पँट आईने इस्त्री करून समोर ठेवली की ती घोट्याच्या वर जाते. जुन्या पँटी आधीच्या दिवाळीतच उचलून आणा.

चौथं, अभ्यंगस्नान. याचा कुणी विचारच करत नाही. नरक चतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून आई तेल लावते, आणि आमच्याकडे तिशीतल्या मुलालाही सोडत नाहीत. पंचा नेसून बसल्यावर मांडीच्या बाहेरच्या बाजूचे व्रण समईच्या उजेडातसुद्धा दिसतात. “हे काय लागलं?” याला उत्तर तयार हवं, किंवा मग तोवर सांगून टाकलेलं हवं. मी सांगून टाकलं ते याच्या आदल्या रात्री. आई रडली, बाबा दोन दिवस बोलले नाहीत, आणि सकाळी तेल लावताना आईने विचारलं, “आता दुखत नाही ना?”

पाचवं, दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघा. ज्यांच्या घरी आहेत त्यांना कळेल. रंगकाम काढायचं सुचवा.

१०. कुणापासून लपवायचंच नाही

कुठलाही डॉक्टर, अगदी दातांचासुद्धा. विशेष म्हणजे मॅग्नेटिक रॉड आत असताना एमआरआय करायचा नसतो. उद्या अपघातात बेशुद्ध होऊन दुसऱ्याच हॉस्पिटलात गेलात आणि कुणालाच माहीत नसेल तर काय होईल? म्हणून इम्प्लांटचं (आत बसवलेल्या रॉडचं) कार्ड पाकिटात, आणि त्याचा फोटो तुमच्या माणसाकडे. विमानतळावर तपासणीत मांडीपाशी बीप वाजते तेव्हाही हेच कार्ड दाखवायचं. घरच्यांसोबत प्रवास असेल तर त्यांच्या रांगेत मागे राहा.

ज्याच्याशी किंवा जिच्याशी लग्न ठरतंय ती व्यक्ती. बायोडाटात नवी उंची लिहायला हरकत नाही, ती तुमची खरी उंची आहे. पण बोलणी पुढे गेली की दोघंच भेटाल तेव्हा सांगा. रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असेल तर नक्कीच. सासरच्यांना कळायची गरज नाही, जोडीदाराला आहे.

पोलीस किंवा सैन्यभरतीचा विचार असेल तर एवढंच सांगतो: वैद्यकीय तपासणीत कपडे काढायला लावतात आणि व्रणांबद्दल विचारतात. भरतीसाठी हा मार्ग धरू नका.

आणि मन खचायला लागलं तर ते लपवू नका. ताणण्याच्या दुसऱ्या महिन्यात झोप उडते, पाय दिवसरात्र ठणकतात, आणि आपण हे का केलं असं वाटतं. एरवी अशा वेळी घरच्यांशी बोलतो, इथे तेच बंद केलेलं असतं. तुमच्या माणसाशी रोज खरं बोला, आणि डॉक्टरांना सांगून समुपदेशकाची वेळ आधीच घेऊन ठेवा.

११. पाकीट

एक जाड खाकी पाकीट करा आणि ऑपरेशनच्या आधी तुमच्या माणसाच्या हातात द्या. त्यात:

- हॉस्पिटलचं नाव, डॉक्टरांचा थेट नंबर, तुमचा रुग्ण क्रमांक
- संमतीपत्राची आणि ‘माहिती कुणाला द्यावी’ या पत्राची प्रत
- रक्तगट, अॅलर्जी, चालू औषधं
- इम्प्लांट कार्डाची प्रत आणि ‘एमआरआय नको’ अशी ठळक चिठ्ठी
- आधार, विमा पॉलिसीची प्रत (दुसऱ्या आजारासाठी लागू शकते)
- थोडे रोख पैसे आणि हॉस्पिटलला भरायच्या उरलेल्या रकमेचा हिशोब
- आई-बाबांसाठी तुमच्या हातचं एक पत्र, बंद. काय केलं, का केलं, कुणाचा दोष नाही.

१२. रॉड काढणं

हाड पूर्ण भरल्यावर, साधारण वर्ष-दोन वर्षांनी, रॉड काढतात. हे ऑपरेशन लहान आहे. एक-दोन दिवस हॉस्पिटल, मग काही दिवस कुबड्या, आणि काही आठवडे पळणं-उड्या मारणं बंद, कारण रॉड निघालेली पोकळी भरायला वेळ लागतो. शनिवार-रविवारला जोडून चार दिवसांची रजा काढली तरी भागतं. जुन्या व्रणांवरूनच कापायला सांगा, नवे व्रण वाढत नाहीत. रॉड निघाल्याचं पत्र घ्या, पाकिटातलं जुनं कार्ड त्यालाच जोडून ठेवा, आणि काढलेला रॉड हवा असेल तर भरती होतानाच तसं लेखी सांगा. नंतर मागितला तर मिळत नाही.